नॅनोसेल्युलोजचा पृष्ठभार आणि उष्णतेतले वर्तन : झीटा आणि टीजीए यांचे आकडे एकत्र कसे वाचावेत?

धागाकर्ती : सरकी

आमच्या प्रयोगशाळेत कापसाच्या लिंटरपासून, म्हणजे जिनिंगनंतर सरकीला चिकटून राहणाऱ्या आखूड तंतूंपासून, सेल्युलोजचे नॅनोस्फटिक तयार केले जातात. माटुंग्याच्या केंद्रीय कापूस तंत्रज्ञान संशोधन संस्थेत नॅनोसेल्युलोजचे काम सुरू झाल्यापासून कापूसपट्ट्यातल्या अनेक महाविद्यालयांनी हा विषय हाती घेतला आहे, त्यामुळे इथे या प्रश्नाशी झगडलेले आणखी कोणी असेल अशी आशा आहे. पद्धत सर्वपरिचित आहे. सुमारे ६४ टक्के तीव्रतेच्या सल्फ्युरिक आम्लात ४५ अंश सेल्सिअसला पाऊण तासाच्या आसपास तंतू ढवळायचे, भरपूर थंड पाणी घालून क्रिया थांबवायची, मग सेंट्रिफ्यूज आणि डायलिसिस करायचे. तंतूंमधला अस्फटिक भाग आम्लाने तुटून जातो आणि पाच ते दहा नॅनोमीटर रुंदीचे, शे-दोनशे नॅनोमीटर लांबीचे सुईसारखे स्फटिक मागे राहतात. त्याच वेळी पृष्ठभागावरच्या काही हायड्रॉक्सिल गटांचे सल्फेट एस्टर बनतात आणि कणांवर ऋणभार येतो. कण एकमेकांना दूर लोटत असल्यामुळे निलंबन तळाशी बसत नाही.

आता अडचण सांगते. आम्ल-विघटनाचा कालावधी बदलत बदलत नमुन्यांची एक मालिका केली. जिथे झीटा पोटेन्शियल (पाण्यात कणाभोवती असलेले विद्युतविभव) अधिक ऋण आले, तिथे टीजीएमध्ये, म्हणजे नमुना तापवत त्याचे वजन मोजणाऱ्या चाचणीत, वजनघट अधिक खालच्या तापमानाला सुरू झाली. हा कल इतका स्पष्ट दिसत होता की दोन्हींचा आलेख काढून त्यावर सरळ रेषा ओढण्याचा मोह कोणालाही झाला असता. परंतु त्याच मालिकेतल्या एका नमुन्याचा काही भाग वाळवण्यापूर्वी विरल सोडियम हायड्रॉक्साईडने उदासीन करून ठेवलेला होता. त्याचा झीटा मूळ भागाच्या झीटाजवळच आला, दोन्ही उणे ४० मिलिव्होल्टच्या आसपास, आणि तरीही त्याचे विघटन कितीतरी वरच्या तापमानाला सुरू झाले. आमच्या शोधनिबंधाच्या परीक्षकांनी मात्र असे सुचवले आहे की ‘पृष्ठभार वाढला की औष्णिक स्थैर्य घटते’ हा निष्कर्ष ठळकपणे मांडावा. हा एक नमुना समोर असताना तसे लिहायला माझे मन तयार होत नाही. पृष्ठभार आणि उष्णतेतले वर्तन यांचा संबंध नक्की कोणत्या टप्प्यावर जुळतो, आणि तो दाखवण्यासाठी झीटाऐवजी कोणते मोजमाप द्यावे, याबद्दल जाणकारांनी लिहावे.

वस्त्ररसायन

तुमचा तो उदासीन केलेला नमुना या साऱ्या मालिकेतला सर्वांत बोलका नमुना आहे. त्याला अपवाद म्हणून बाजूला ठेवू नका, चर्चेची सुरुवातच त्याच्यापासून करा.

सल्फ्युरिक आम्लाने सेल्युलोजचे स्थिर कलिल निलंबन मिळते हे स्वीडनच्या उप्साला विद्यापीठात रॉन्बी यांनी १९५० च्या सुमारास दाखवले. या सल्फेट गटांची उष्णतेतली किंमत मात्र २००४ साली रोमन आणि विंटर यांच्या अभ्यासातून नीट पुढे आली. त्यांनी जिवाणूंनी बनवलेल्या सेल्युलोजवर काम केले आणि दाखवले की सल्फेट गटांचे प्रमाण अगदी थोडे असले तरी विघटनाचे तापमान लक्षणीय खाली येते, सक्रियण ऊर्जा घटते आणि शेवटी उरणारा कोळसा वाढतो. यामागचे रसायन असे की वाळवलेल्या आम्लरूपी नमुन्यात प्रत्येक सल्फेट गटाबरोबर प्रतिआयन (गटाचा भार भागवणारा विरुद्ध भाराचा आयन) म्हणून एक प्रोटॉन असतो. तापवल्यावर हा गट साखळीपासून सुटतो आणि प्रत्यक्षात सल्फ्युरिक आम्लच मोकळे होते. हे आम्ल शेजारच्या ग्लुकोज घटकांमधून पाणी काढून घेण्याच्या क्रियेला उत्प्रेरक ठरते. त्यातून बाहेर पडलेले पाणी आणखी सल्फेट एस्टर तोडायला मदत करते, म्हणजे क्रिया स्वतःला वेग देत जाते. म्हणूनच अशा नमुन्याच्या डीटीजी आलेखात, म्हणजे वजनघटीच्या वेगाच्या आलेखात, एकच टोकदार शिखर न दिसता १५० ते २०० अंशांच्या पट्ट्यापासून सुरू होणारे दोन किंवा अधिक रुंद टप्पे दिसतात, तर मूळ कापसाचे मुख्य शिखर नायट्रोजनमध्ये मिनिटाला १० अंश या वेगाने तापवल्यास साधारण ३५० अंशांच्या आसपास येते.

प्रोटॉनच्या जागी सोडियम आला की सल्फेट गट तसाच राहतो, त्याचा ऋणभार तसाच राहतो, पाण्यात टाकल्यावर कण पूर्वीइतकेच एकमेकांना लोटतात, परंतु तापवल्यावर मुक्त आम्ल सहज तयार होत नाही. त्यामुळे मुख्य विघटन २५० ते ३०० अंशांच्या पट्ट्यात सरकते. मूळ कापसाइतके वर ते जात नाही, कारण सोडियमसारखे क्षारधातू स्वतःही सेल्युलोजच्या विघटनाला लेव्होग्लुकोसानच्या (तापलेल्या सेल्युलोजपासून बनणाऱ्या बाष्पशील साखरेच्या) वाटेवरून कोळशाच्या वाटेवर वळवतात आणि ही वाट कमी तापमानाला उघडते. तुमच्या दोन भागांमध्ये भार तोच आहे आणि प्रतिआयन वेगळा आहे, म्हणून उष्णतेतले वर्तन वेगळे आहे. परीक्षकांचे वाक्य फक्त आम्लरूपी नमुन्यांपुरते खरे ठरेल, तेही अर्धवट.

एक तुलना जरूर करा. हायड्रोक्लोरिक आम्लाने केलेले नॅनोस्फटिक जवळजवळ भारहीन असतात, पाण्यात लगेच गोळा होतात, पण उष्णतेला मूळ सेल्युलोजइतकेच टिकतात. ते मालिकेत ठेवले तर नॅनो आकारामुळे वाढलेल्या पृष्ठभागाचा परिणाम किती आणि सल्फेटचा परिणाम किती, हे वेगळे करता येईल.

दुहेरी थर

वरील प्रतिसादाशी मी सहमत आहे, पण प्रश्नाच्या दुसऱ्या अर्ध्या भागाकडे लक्ष वेधायला हवे. झीटा पोटेन्शियल हा पृष्ठभाराचा आकडा नाही, हे आपल्याकडच्या प्रबंधांमध्ये वारंवार विसरले जाते.

उपकरण प्रत्यक्षात मोजते ती विद्युतक्षेत्रात कण ज्या वेगाने सरकतात ती गतिशीलता. त्या गतिशीलतेवरून, बहुतेक वेळा स्मोलुकोव्हस्की यांच्या १९०३ च्या समीकरणाने, घसरणीच्या पृष्ठभागावरचे, म्हणजे कणाबरोबर सरकणारा द्रवाचा थर जिथे संपतो तिथले, विद्युतविभव काढले जाते. २५ अंशांच्या पाण्यात गतिशीलतेच्या एका प्रचलित एककाला, म्हणजे व्होल्ट-सेकंदामागे एक मायक्रोमीटर-सेंटिमीटरला, साधारण १२.८ मिलिव्होल्ट असा हा हिशेब बसतो. मात्र हे समीकरण लागू पडण्यासाठी कणाभोवतीचा आयनांचा थर कणाच्या मानाने खूप पातळ असावा लागतो. एक मिलिमोलर मिठाच्या द्रावणात या थराची जाडी सुमारे ९.६ नॅनोमीटर असते, दहा मिलिमोलरमध्ये ३ नॅनोमीटर आणि शंभर मिलिमोलरमध्ये जेमतेम एक. तुमचे स्फटिक पाच ते दहा नॅनोमीटर रुंद आहेत. डायलिसिस केलेल्या, जवळजवळ क्षारहीन पाण्यात थर कणाइतकाच किंवा त्याहून जाड असतो. शिवाय कण गोल नसून सुईसारखे आहेत. अशा परिस्थितीत उपकरणाच्या पडद्यावर येणारा उणे ४० हा आकडा तुलनेपुरता उपयोगी आहे, परंतु निरपेक्ष मूल्य म्हणून त्यावर फार भार टाकू नये. मोजताना मिठाची तीव्रता आणि पीएच ठरलेले नसतील तर तो तुलनेलाही उपयोगी नाही.

याहून महत्त्वाची गोष्ट वेगळी आहे. पृष्ठभागावरचे भारित गट दुप्पट झाले म्हणून झीटा दुप्पट होत नाही. भार जसा दाट होत जातो तसे अधिकाधिक प्रतिआयन पृष्ठभागाला चिकटून बसतात, आणि घसरणीच्या पृष्ठभागापर्यंत पोचेपर्यंत बराचसा भार झाकला गेलेला असतो. म्हणून वरच्या टोकाला झीटा जवळजवळ सपाट होतो, तर सल्फेटचे प्रमाण वाढतच राहते. टीजीएला मात्र प्रत्येक सल्फेट गट दिसतो, झाकलेला असो वा उघडा. ज्या मापाला भाराच्या वाढीचा वरचा भाग दिसतच नाही, त्याच्या पटीत विघटनाचे तापमान मांडणे म्हणूनच दिशाभूल करणारे ठरते.

त्याऐवजी वाहकतामापी अनुमापन करा. निलंबन आम्लरूपी आयन-विनिमय रेझिनमधून पूर्णपणे काढून सर्व प्रतिआयन प्रोटॉन करून घ्यायचे, मग विरल सोडियम हायड्रॉक्साईड थेंबाथेंबाने घालत वाहकता नोंदवायची. आलेख इंग्रजी व्ही अक्षरासारखा येतो आणि त्याचा खालचा कोपरा म्हणजे सल्फेटचे प्रमाण. रेझिनची पायरी गाळली तर जेवढ्या गटांवर आधीच सोडियम बसलेला आहे तेवढे गट मोजणीतून निसटतात. या पद्धतीची शिस्त बेक, मेथो आणि बुशार यांनी २०१५ मध्ये नीट बांधून दिली आणि २०१८ मध्ये आयएसओ २१४०० या मानकात तिला स्थान मिळाले. पडताळा म्हणून मूलद्रव्य विश्लेषणातून गंधकही मोजा. किलोग्रॅममागे २५० मिलिमोल सल्फेट म्हणजे वजनाने सुमारे ०.८ टक्के गंधक. दोन आकड्यांमध्ये मोठा फरक आला तर डायलिसिसमध्ये मुक्त आम्ल किंवा सल्फेट क्षार उरले आहेत असे समजावे. तसे असेल तर टीजीएतले लवकरचे विघटन पृष्ठभारामुळे होत आहे की नुसत्या उरलेल्या आम्लामुळे, हाच प्रश्न उभा राहतो.

सरकी

दोन्ही प्रतिसाद अतिशय उपयोगी आहेत. रेझिन आणि अनुमापन आमच्याकडे शक्य आहे, मूलद्रव्य विश्लेषण बाहेरून करून घ्यावे लागेल.

आणखी दोन गोष्टी विचारायच्या आहेत. आमच्या शेजारच्या गटाने टेम्पो पद्धतीने, म्हणजे टेम्पो नावाचा उत्प्रेरक वापरून, ऑक्सिडीकरण केलेले नॅनोतंतू दिले आहेत. त्यांच्यावर सल्फेट नाही, कार्बोक्सिलेट आहे आणि ते सोडियमरूपातच आहेत. त्यांचा झीटा आमच्या नमुन्यांच्या जवळपास येतो, पण विघटन आमच्या सोडियमरूपी स्फटिकांपेक्षा लवकर सुरू होते. प्रतिआयन सोडियम असला की काम भागते, असेही मग म्हणता येत नाही. दुसरे असे की सोडियमरूपी नमुन्यात १२० अंशांपर्यंतची वजनघट आम्लरूपापेक्षा जास्त दिसते. तिला औष्णिक अस्थैर्य म्हणायचे का?

तापमापक

आधी दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर देतो, कारण ते सोपे आहे. १२० अंशांपर्यंतची घट जवळजवळ पूर्णपणे पाण्याची आहे. भारित पृष्ठभाग आणि त्यावरचे आयन हवेतली आर्द्रता धरून ठेवतात आणि नमुना तराजूवर ठेवेपर्यंतही ती बदलत राहते. म्हणून नमुना भट्टीतच नायट्रोजनच्या प्रवाहात १०५ अंशांना वजन स्थिरावेपर्यंत ठेवून त्यानंतरचे वजन शंभर टक्के धरावे. आम्लरूपी नमुन्याबाबत मात्र ही पायरीसुद्धा निरुपद्रवी नाही, ती शक्य तितकी छोटी ठेवा आणि नोंदवा. पाण्याची ही घट पृष्ठभाराशी संबंधित आहे खरी, पण तिला विघटनात मोजू नये.

विघटनाचे तापमान म्हणजे नेमके कोणते, हे निबंधात स्पष्ट लिहा. कोणी स्पर्शरेषांच्या छेदाचे तापमान देतात, कोणी पाच टक्के वजनघटीचे, कोणी डीटीजीच्या शिखराचे. सल्फेट असलेल्या नमुन्यात या तिन्हींमध्ये मोठी तफावत पडू शकते, कारण पहिला टप्पा हळूहळू चढतो आणि स्पर्शरेषा मुख्य टप्प्यालाच लावली तर तो पूर्ण झाकला जातो. माझी पसंती कोरड्या वजनावर मोजलेल्या पाच टक्के घटीला आहे आणि सोबत पूर्ण डीटीजी आलेख छापावा असे वाटते. नमुन्याचे वजन सारखे ठेवा, पाच ते दहा मिलिग्रॅम पुरेसे आहेत. फ्रीझ-ड्राय केलेला, म्हणजे गोठवून वाळवलेला, भुसभुशीत नमुना आणि पाणी उडवून केलेला पातळ पापुद्रा यांची थेट तुलना टाळा, कारण पापुद्र्यात सुटलेली आम्लवाफ अधिक वेळ अडकून राहते आणि उत्प्रेरणाचा परिणाम वाढलेला दिसू शकतो.

सक्रियण ऊर्जा काढण्यासाठी बरेच जण किसिंजर यांची १९५७ ची पद्धत वापरतात. ती एका शिखराच्या, एका टप्प्याच्या क्रियेसाठी सोयीची आहे. आम्लरूपी नमुन्यात शिखरे एकमेकांवर चढलेली असतात. तिथे वेगवेगळ्या तापनवेगांवर, रूपांतराच्या प्रत्येक पातळीला ऊर्जा वेगळी काढणाऱ्या समरूपांतर पद्धती वापराव्यात. रूपांतरासोबत ऊर्जा बदलत गेलेली दिसली तर तो स्वतःच अनेक टप्प्यांचा पुरावा असतो.

कोळशाबद्दल एक सूचना. सोडियमरूपी नमुन्याच्या अवशेषात क्षारही असतो. सल्फेट किलोग्रॅममागे २५० मिलिमोल असेल तर सोडियमही तितकाच, आणि तो सगळा सोडियम सल्फेट म्हणून उरला असे धरले तर तो मूळ वजनाच्या सुमारे १.८ टक्के होईल. अवशेषातला फरक याहून खूप जास्त असेल तरच तो कोळशाचा फरक म्हणून मांडावा. तुमच्या विद्यापीठात टीजीएला वस्तुमान वर्णपटमापक जोडलेला असेल तर ६४ आणि ४८ या वस्तुमानांवर लक्ष ठेवा. सल्फर डायऑक्साईड कोणत्या तापमानाला बाहेर पडतो ते दिसले की सल्फेट गट आणि वजनघटीचा पहिला टप्पा यांचे नाते प्रत्यक्ष दाखवता येते, मग कोणत्याही रेषेची गरज उरत नाही.

वस्त्ररसायन

टेम्पोच्या प्रश्नाला धरून लिहितो. प्रत्येक भारित गट उष्णतेत आपापल्या रीतीने तुटतो. टेम्पो पद्धतीत सेल्युलोजच्या सहाव्या कार्बनवरचा अल्कोहोल गट कार्बोक्सिलेट होतो, म्हणजे पृष्ठभागावरचे ग्लुकोज घटक ग्लुकुरोनेट होतात. हे घटक सोडियमरूपातही सुमारे २२० अंशांपासून कार्बन डायऑक्साईड सोडत तुटू लागतात. टोकियो विद्यापीठातील इसोगाई आणि साइतो यांच्या गटाने हे दाखवले आहे, आणि त्याच कार्बोक्सिल गटांचे मिथाइल एस्टर केले तर विघटन पुन्हा वर सरकते, हेही दाखवले आहे. मिथाइल एस्टर केल्यावर भार जातो हे खरे, पण तापमान वर सरकण्याचे कारण भार जाणे हे नसून तो सहज तुटणारा गट बदलणे हे आहे.

म्हणून सल्फेटच्या मालिकेत प्रोटॉनऐवजी सोडियम आणल्याने जो मोठा फायदा होतो, तसा कार्बोक्सिलेटच्या मालिकेत गृहीत धरू नये. सल्फेट एस्टरमधून प्रबळ आम्ल सुटते आणि ते इतरांना तोडते. कार्बोक्सिल हा मुळात दुर्बल आम्लगट आहे आणि त्याच्या बाबतीत तो घटक स्वतःच पहिल्यांदा मोडतो. दोन्ही नमुन्यांचा झीटा उणे ४० असू शकतो. त्या आकड्यात गट कोणता हे कुठेही लिहिलेले नसते.

भूरसायन

माझे काम मातीच्या खनिजांवर आहे, सेल्युलोजवर नाही, परंतु हाच प्रश्न आमच्याकडे जुना आहे आणि त्याचे उत्तर तुम्हाला उपयोगी पडेल असे वाटते.

मॉन्टमोरिलोनाइट घ्या. कच्छच्या बेंटोनाइटमध्ये ते मुख्य खनिज असते आणि दख्खनच्या काळ्या मातीची फुगण्याची व भेगाळण्याची सवयही याच गटातल्या खनिजांमुळे आहे. याच्या थरांवरचा भार पृष्ठभागावरच्या गटांमधून येत नाही. तो स्फटिकाच्या आत ॲल्युमिनियमच्या जागी मॅग्नेशियम बसल्यामुळे येतो, म्हणून तो कायमस्वरूपी असतो आणि पीएचवर फारसा अवलंबून नसतो. त्याची धनआयन-विनिमय क्षमता १०० ग्रॅमला साधारण ८० ते १२० मिलिइक्विव्हॅलंट असते, तर केओलिनाइटची जेमतेम ३ ते १५. झीटामध्ये मात्र एवढा मोठा फरक कधीच दिसत नाही, कारण मॉन्टमोरिलोनाइटचे बहुतेक प्रतिआयन थरांच्या मध्ये दडून बसलेले असतात. म्हणून आमच्या क्षेत्रात थरभारासाठी झीटा कोणी देत नाही, विनिमय क्षमता देतात.

उष्णतेतले वर्तन इथेही दोन भागांत वाटलेले आहे. थरांमधले पाणी कोणत्या तापमानाला आणि किती टप्प्यांत जाते हे प्रतिआयन ठरवतो. सोडियमरूपात ते बहुधा एका टप्प्यात निघून जाते, कॅल्शियमरूपात अधिक घट्ट धरलेल्या पाण्याचा दुसरा टप्पा वेगळा दिसतो. स्फटिकातले हायड्रॉक्सिल गट मात्र बऱ्याच नमुन्यांत ६०० ते ७०० अंशांच्या पट्ट्यात जातात आणि त्याचे तापमान मुख्यतः जाळीची रचना ठरवते. भार एकच, पण आलेखाच्या कोणत्या भागावर त्याचा हात पोचतो आणि कोणत्या भागावर पोचत नाही, हे वेगळे सांगता आले पाहिजे.

आणि आता उलटी दिशा. तापवल्याने भारच बदलतो, हेही आमच्याकडे १९५० पासून माहीत आहे. हॉफमन आणि क्लेमेन यांनी लिथियमरूपी मॉन्टमोरिलोनाइट २०० ते ३०० अंशांच्या दरम्यान तापवले आणि पाहिले की त्याची विनिमय क्षमता घटते आणि ते फुगेनासे होते. लिथियमचा आयन लहान असतो. उष्णतेने त्याच्याभोवतीचे पाणी गेले की तो थराच्या आत, अष्टफलकी पत्र्यातल्या रिकाम्या जागेकडे सरकतो आणि तिथला ऋणभार जागच्या जागी भागवून टाकतो. सोडियम मोठा असल्याने त्याला हे जमत नाही. मॉन्टमोरिलोनाइट आणि त्याच गटातले बायडेलाइट हे खनिज वेगळे ओळखण्याची ग्रीन-केली चाचणी याच गुणधर्मावर उभी आहे. बायडेलाइटचा भार चतुष्फलकी पत्र्यात असतो, तो लिथियमने भागत नाही, म्हणून तापवल्यानंतरही बायडेलाइट ग्लिसरॉलमध्ये फुगते. उष्णता आणि भार यांचे नाते इतक्या स्वच्छपणे दाखवणारा दुसरा प्रयोग मला माहीत नाही.

सिलिकातही असेच आहे, फक्त तिथे भार पृष्ठभागावरच्या सिलॅनॉल गटांमधून (सिलिकॉनला जोडलेल्या हायड्रॉक्सिल गटांमधून) येतो. पूर्ण जलयुक्त पृष्ठभागावर दर चौरस नॅनोमीटरला सुमारे ४.९ सिलॅनॉल असतात. ४०० अंशांच्या आसपास तापवल्यावर ते निम्म्यावर येतात. त्यापलीकडे तापवलेला पृष्ठभाग पाण्यात टाकला तरी पुन्हा सहजासहजी जलयुक्त होत नाही, मग त्याच पीएचला त्यावर कमी भार दिसतो. म्हणून झीटा मोजताना नमुना त्याआधी किती तापला होता हे नोंदवणे आम्ही सक्तीचे मानतो.

मिश्रणकार

मी प्लॅस्टिकच्या मिश्रणांच्या उद्योगात आहे. वरची चर्चा मोलाची आहे, पण व्यवहाराची बाजूही मांडतो. आमच्याकडे येणाऱ्या नॅनोसेल्युलोजच्या प्रत्येक खेपेचे अनुमापन करायला वेळ नसतो, झीटा मात्र काही मिनिटांत मिळतो. तुमच्याच मालिकेत कल स्पष्ट दिसला आहे. एकाच पुरवठादाराचा, एकाच पद्धतीचा माल असेल तर झीटावरून उष्णतेतल्या वर्तनाचा अंदाज घेणे पूर्णपणे चुकीचे आहे का?

तापमापक

एकाच पद्धतीचा माल आणि एकच प्रतिआयन याची हमी असेल तर झीटा सूचक म्हणून चालेल. अडचण अशी की जी गोष्ट बिघडल्याने एक्स्ट्रूडरमध्ये (प्लॅस्टिक वितळवून मिसळणाऱ्या यंत्रात) माल तपकिरी पडतो, तीच गोष्ट झीटाला दिसत नाही. पॉलिलॅक्टिक आम्ल सुमारे १७० अंशांच्या आसपास वितळते आणि १८० ते २०० अंशांना मिसळले जाते. सोडियमरूपी स्फटिक हा पट्टा बहुधा निभावून नेतात, आम्लरूपी नेत नाहीत. एखाद्या खेपेत उदासिनीकरण अर्धवट राहिले तर झीटा जवळजवळ तोच येईल आणि तुमचा माल जळेल. नायलॉन ६ चा वितळणबिंदू तर २२० अंशांच्या जवळ आहे, तिथे चुकायला जागाच नाही.

झीटाइतक्याच वेळात करता येण्यासारखी दोन मापे सुचवतो. निलंबनाचा पीएच बघा. ठरलेल्या तीव्रतेला आम्लरूप पीएच तीनच्या आसपास दाखवते आणि पूर्ण सोडियमरूप सातच्या जवळ, त्यामुळे अर्धवट उदासिनीकरण तिथेच पकडले जाते. आणि टीजीएवर संपूर्ण तापनरेषा न घेता, नमुना थेट तुमच्या मिश्रणाच्या तापमानाला नेऊन तिथे दहा-पंधरा मिनिटे स्थिर धरा. तितक्या वेळात किती वजन गेले आणि रंग किती बदलला, हाच तुमच्या कामाचा आकडा आहे. मिनिटाला १० अंशांनी चढणाऱ्या आलेखावरचे तापमान एक्स्ट्रूडरमधल्या मुक्कामाबद्दल नेहमीच आशादायक चित्र दाखवते.

सरकी

भूरसायन यांनी मांडलेली उलटी दिशा आमच्यासाठी महत्त्वाची वाटते. आमचे आम्लरूपी नमुने ओव्हनमध्ये वाळवले की पुन्हा पाण्यात नीट पसरत नाहीत. आजवर हे केवळ कण एकमेकांना चिकटल्यामुळे होते असे धरले जात होते. वाळवतानाच सल्फेट गट गळत असण्याची शक्यता आहे का?

वस्त्ररसायन

दोन्ही घडते. वाळताना स्फटिक जवळ येऊन त्यांच्यात हायड्रोजन बंध जुळतात आणि आम्लरूपात ते पाण्याने पुन्हा सुटत नाहीत. सोडियमरूपी पापुद्रा मात्र पाण्यात टाकल्यावर पुन्हा पसरतो, हे बेक, बुशार आणि बेरी यांनी २०१२ मध्ये तपशिलात दाखवले आहे. याशिवाय आम्लरूपी निलंबन नुसते गरम ठेवले तरी सल्फेट एस्टर हळूहळू तुटतात, सुटलेले आम्ल पुढच्या एस्टरला तोडते, आणि भार घटत जातो. ओव्हनमध्ये पाणी कमी होत जाते तशी आम्लाची तीव्रता वाढत जाते, म्हणून वाळण्याच्या शेवटच्या टप्प्यात हे अधिक वेगाने होण्याची शक्यता असते. याची परीक्षा करायची तर ओव्हनमध्ये वाळवलेला आणि फ्रीझ-ड्राय केलेला असे एकाच खेपेचे दोन भाग घ्या, दोन्ही पूर्ण धुऊन मुक्त आम्ल काढून टाका आणि मग गंधक मोजा. ओव्हनच्या भागात गंधक कमी भरले तर गट गळले, सारखे भरले तर नुसते कण चिकटले.

यातून तुमच्या मूळ मालिकेबद्दलही एक शंका निघते. झीटा तुम्ही वाळवण्यापूर्वीच्या निलंबनावर मोजला असणार आणि टीजीए वाळलेल्या नमुन्यावर. आम्लरूपात ही दोन द्रव्ये एकसारखी राहिलेली नसण्याची शक्यता आहे.

सरकी

हो, झीटा निलंबनावरच मोजला जातो. मग मालिकेची मांडणी अशी करणार आहे. एकच मोठी खेप करून तिचे भाग पाडायचे. एक भाग आम्लरूपी, एक सोडियमरूपी, एक आम्लरूपी निलंबन गरम ठेवून सल्फेट अंशतः काढल्यानंतर सोडियमरूपी केलेला, आणि तुलनेसाठी हायड्रोक्लोरिक आम्लाने केलेले भारहीन स्फटिक. सगळे फ्रीझ-ड्राय. तक्त्यात प्रत्येकासमोर अनुमापनातून आलेले सल्फेट, गंधकाचे प्रमाण, प्रतिआयन, ठरलेल्या मिठाच्या तीव्रतेतला झीटा, पाच टक्के घटीचे तापमान आणि क्षार वजा केलेला अवशेष. परीक्षकांना उत्तर देताना झीटा आणि विघटन दोन्ही त्याच सल्फेट गटापासून निघतात, पण झीटा गटांच्या घनतेला आणि विघटन गटाच्या जातीला व प्रतिआयनाला उत्तर देते, असे लिहिणार आहे.

दुहेरी थर

मांडणी उत्तम आहे. सोडियमरूप करताना एवढी काळजी घ्या की सोडियम हायड्रॉक्साईड अनुमापनातून निघालेल्या सल्फेटइतकेच घालायचे आणि पीएच सातच्या आसपास थांबायचे. जास्तीचे अल्कली राहिले तर ते हवेतला कार्बन डायऑक्साईड शोषून कार्बोनेट होते, झीटा मोजताना मिठाची तीव्रता बिघडवते आणि टीजीएमध्ये अवशेष फुगवते. शंका असेल तर उदासीन केल्यावर पुन्हा एकदा डायलिसिस करा आणि बाहेरच्या पाण्याची वाहकता शुद्ध पाण्याच्या जवळ आल्यावरच नमुना गोठवायला घ्या.